बाण नसलेलं ड्रॉइंग

एप्रिल-मे महिन्यात पहाटे साडेतीनला माझा फोन वाजला तर घरचे दचकत नाहीत. कूस बदलतात आणि म्हणतात, "आंबा असेल."

आंबाच होता. देवगडजवळच्या एका बागायतदारांचा फोन. माणूस मुळातच शांत. त्या दिवशीही आवाज चढलेला नव्हता आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"खोके बसले."

"बसले म्हणजे?"

"बसले म्हणजे बसले. खालचे दोन थर बसले, त्यांच्यावर वरचे बसले. आता तुम्ही येऊन बसा."

मी कोल्हापूरला, शिरोलीच्या एमआयडीसीत, खोक्यांची डिझाइनं करतो. नातेवाइकांना अजून पटत नाही की हेही काम असतं. खोका म्हणजे खोका, त्यात डिझाइन काय करायचं? पण हा खोका मला मनापासून आवडला होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगतो.

बागायतदारांच्या अटी सोप्या होत्या. डझनाचा खोका, पिन नको, गम नको. खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि आंब्याच्या सालीला ओरखडे काढतात, दमट हवेत गम सुटतो. शिवाय खोका सपाट यायला हवा आणि मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, बायकांनी तो हाताने उभा करायचा. कारण साधं आहे. सपाट असले तर तीन हजार खोके एका टेंपोत येतात. उभे करून पाठवले तर टेंपोभर हवाच जाते.

म्हणून मी तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचा, एकमेकांत अडकणाऱ्या कोपऱ्यांचा खोका काढला. आतलं माप ३६० बाय २७०, उंची ९५ मिलिमीटर. आखूड भिंतींना दोन्ही बाजूंना कान. ते आत वळून लांब भिंतीला आतून टेकतात. लांब भिंतीच्या टोकाला जीभ. ती कोपऱ्यावरून बाहेरून वळते आणि आखूड भिंतीतल्या खाचेत शिरते. जिभेचं टोक बाणासारखं, मागे दोन खांदे. आत जाताना खांदे दबतात, आत गेले की उघडतात आणि मग जीभ मागे येत नाही. एक भिंत दुसरीला आतून धरते, दुसरी पहिलीला बाहेरून. दोन माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून उभी राहिली तर एकाला पाडणं अवघड जातं, तसं.

लहानपणी आजी पळसाच्या पानाचे द्रोण करायची. चार ठिकाणी पान दुमडून चोयांनी, म्हणजे बारीक काड्यांनी, टोचायची, की त्यात आमटी राहायची. माझं म्हणाल तर मी फक्त चोय काढून टाकली होती आणि पानालाच चोय केलं होतं. हे वाक्य मी बागायतदारांना प्रेझेंटेशनमध्ये ऐकवलंही होतं. आता आठवलं की कान गरम होतात.

आंबे धरून एक खोका साडेतीन किलोचा. टेंपोत दहाची थप्पी लागते, म्हणजे सगळ्यात खालच्यावर साधारण साडेएकतीस किलो. माझ्या सँपलवर मी साठ किलो ठेवून रात्रभर सोडलं होतं. सकाळी खोका होता तसा उभा. मग हे कसे बसले?

पाचच्या आत निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. घाट उतरताना काच खाली केली आणि हवा लागताच मी निकाल देऊन मोकळा झालो: दमटपणा. कागद हवेतलं पाणी पितो आणि पाणी प्यायलेला पुठ्ठा निम्म्यानेही भार पेलत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. कोल्हापूरच्या उन्हात सँपल पास झालं, समुद्रकाठी मऊ पडलं. नांदगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात मेलही लिहून ठेवला होता. त्यात 'हवामान' हा शब्द तीनदा होता.

जाता जाता रॉबर्ट गेअरही आठवला. ब्रुकलिनचा कागदी पिशव्यांचा कारखानदार. १८७९च्या सुमारास त्याच्या मशीनवर बियांच्या पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि घडी पडायच्या जागी पिशव्याच कापल्या गेल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एकाच दाबात कापताही येतं आणि घडीही पाडता येते. आपण आज घडीचा जो खोका वापरतो तो तिथून सुरू झाला. म्हणजे आमचा धंदाच मुळी एका चुकीवर उभा आहे. फरक इतकाच की गेअर त्या चुकीवर श्रीमंत झाला.

मांगरात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. एका बाजूला काढलेल्या आंब्यांचे क्रेट, मध्ये सतरंज्यांवर दहा-बारा बायका आंबे पुसून वजनाप्रमाणे निवडत होत्या. बागेत काम करणारी दोन नेपाळी पोरं क्रेट उचलत होती, पण माझ्याकडे बघून थांबली. कोपऱ्यात आदल्या संध्याकाळी भरलेल्या दोनशे खोक्यांच्या थप्प्या. थप्प्या कसल्या, दारू प्यायलेल्या माणसांची रांग. बाहेर देवगड हापूस, आत देवगड हापूस, शेजारी २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा शिक्का, आणि त्या शिक्क्याच्या बरोबर मधून एक आडवी सुरकुती.

"बघा इंजिनिअरसाहेब," बागायतदार म्हणाले. बाकी काही नाही. एरवी ते मला नावाने हाक मारतात.

सगळ्यात खालचा खोका काढला. आंबा कच्चा असल्यामुळे वाचला होता. लांब भिंत मधोमध बाहेर फुगली होती आणि तिने जाताना जिभांना ओढून नेलं होतं. खाचा शाबूत, पण जिभा मानेपाशी मोडून लोंबत होत्या. मी पुठ्ठा बोटांत चुरगळून पाहिला. मऊ होता, पण इतका नाही. एक न भरलेला, सपाट खोका घेतला आणि जीभ खाचेत ढकलली. ती आत जायच्या ऐवजी अंगठ्याखाली कोलमडली. पुन्हा ढकलली. पुन्हा तेच. सँपलची जीभ टणक होती, चमच्याच्या दांड्यासारखी. ही ओल्या पापडासारखी.

खोका घेऊन उजेडाला दारात गेलो. लांब भिंतीची वरची कड डोळ्यांसमोर आली आणि त्या कडेत मला नागमोडी वेलांटी दिसली. एकामागे एक, अख्ख्या कडेभर. पोटात खड्डा पडला.

हे समजायला थोडं पुठ्ठ्याच्या आत जावं लागेल. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो, त्याला आम्ही फ्लूट म्हणतो. त्याच्या सगळ्या नळ्या एकाच दिशेने धावतात. नळ्या उभ्या असल्या तर भिंत म्हणजे खांबांची रांग. आडव्या असल्या तर भिंत म्हणजे गुंडाळता येणारी चटई. खोक्यावरचा बहुतेक भार कोपरे घेतात. म्हणून मी नळ्या खोक्याच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या होत्या. तशा ठेवल्या की आखूड भिंतींत आणि त्यांच्या चारही कानांत त्या उभ्या येतात, म्हणजे चारही कोपऱ्यांत खांब. आणि जिभेतल्या नळ्या जिभेच्याच लांबीने जातात, म्हणून जीभ ताठ. वेलांटी दिसायला हवी होती ती आखूड भिंतींच्या कडेला. ती लांब भिंतींच्या कडेला दिसत होती. अख्खी तीन हजारांची लॉट नव्वद अंशांत फिरवून पंच झाली होती. खांब कोपरे सोडून लांब भिंतीच्या मध्यात जाऊन उभे होते आणि प्रत्येक जीभ आडव्या नळ्यांची होती, कुठेही दुमडा.

प्लांटच्या सुपरवायझरला फोन लावला.

"दादा, फ्लूट फिरवली का?"

"फिरवली की. अकराशेवीसची रीळ नव्हती, साडेनऊशेची होती. तुमच्या लांबीने लावलं तर एकच अप बसत होता, चारशे मिलिमीटर वाया. फिरवल्यावर दोन बसले."

अप म्हणजे रिळाच्या रुंदीत बसणारा एक खोका. गणित बरोबर होतं. पसरलेला खोका साडेपाचशे बाय चारशे साठ. साडेनऊशेच्या रुंदीत चारशे साठ दोनदा बसतो, साडेपाचशे एकदाच. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

"ड्रॉइंगवर बाण बघितला नाहीत का?"

"साहेब, ड्रॉइंगवर बाण नव्हता."

मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ उघडली. मापं होती, क्रीझ म्हणजे घडीच्या रेषा होत्या, खाचेची रुंदी साडेतीन मिलिमीटर होती, कोपऱ्यात माझं नावसुद्धा होतं. फ्लूटची दिशा दाखवणारा बाण नव्हता. तो मूळ फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर होता आणि पीडीएफ काढताना तो लेयर मी बंद केलेला. ड्रॉइंग स्वच्छ दिसावं म्हणून.

बागायतदारांना सांगावंच लागलं. मनातला हवामानाचा मेल तिथेच पुसला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरं. वाशीला आज रात्री सहाशे खोके जायचे आहेत. पुढचं बोला."

पुढचं माझ्याकडे काही नव्हतं. नवी लॉट यायला पाच दिवस. लाकडी पेट्या आणि पेंढा शोधायचे तर ऐन सीझनला शेजारचा बागायतदारही देणार नाही. मी चार खोके उभे-आडवे करून बघत होतो, आखूड भिंतीत जोडपट्टी घालून बघत होतो, आणि माझ्या मागे बसलेल्या एक काकी हातातला आंबा न ठेवता माझा तमाशा बघत होत्या.

"साहेबांनू," त्या म्हणाल्या, "हे कोपरे रिकामेच ऱ्हवतत. आंबो गोल, खोको चौकोनी. आमी थय कागद कोंबतांव. थयच कायतरी उभा करा मा."

मी भरलेल्या खोक्याचं झाकण काढलं. तीन ओळी, चार-चार आंबे. आणि चारही कोपऱ्यांत खरंच एक-एक तिकोनी पोकळी, तिच्यात कागदाचा बोळा. तीन महिने मी त्या खोक्याच्या कोपऱ्यांवर काम केलं होतं, पण त्यात आंबे भरलेले नव्हते. सँपलमध्ये मी वजनं ठेवली होती.

पोकळीत पुठ्ठ्याचा काटकोनी खांब बसत होता. पंचाण्णव उंच, दोन्हीकडे चाळीस-चाळीस मिलिमीटर, नळ्या उभ्या. पुठ्ठा कुठून आणायचा? तोच वापरायचा, फसलेल्या खोक्यांचा. पसरलेल्या खोक्याच्या मधल्या पट्ट्यातून सोळा खांब निघत होते. सहाशे खोक्यांना चोवीसशे खांब, म्हणजे दीडशे खोके बळी द्यायचे. न भरलेले अठ्ठावीसशे पडलेच होते.

माझ्याकडे एक कटर. तो पंधराव्या खोक्याला बोथट झाला. मग काकींनी घरून विळी मागवली. त्या तिला आडाळो म्हणतात. थोड्या वेळाने आणखी तीन आडाळे आले. नारळ खवायचे, मासे कापायचे आडाळे घासूनपुसून आले आणि बायका पाटावर बसून पुठ्ठा असा कापायला लागल्या की माझा कटर मी मुकाट्याने खिशात घातला. कटर ओढताना पुठ्ठा दाबला जातो, नळीचं तोंड चेपतं आणि चेपलेल्या कडेचा खांब लंगडा होतो. आडाळ्यावर पुठ्ठा पात्यावर पुढे ढकलायचा असतो. कड पावासारखी उघडी राहते. मापाला एका नेपाळी पोराने पंचाण्णवची फळी कापून दिली. दुमडायला काहीच लागलं नाही, नळीच्या रेषेत पुठ्ठा आपणहून मोडतो.

दुपारी पहिली दहाची थप्पी लावली आणि तिच्यावर क्रेट ठेवला. उभी राहिली. अर्धा तास कोणी तिच्याजवळून जोरात चालतसुद्धा नव्हतं. मग बागायतदारांनी स्वतःच येऊन वरून दाबून पाहिलं आणि "भरा" म्हणाले.

जिभांचं मात्र काही करता आलं नाही. प्रत्येक खोक्याला भोवती एक वेढा चिकटपट्टीचा. ब्राउन, रुंद, खर्रकन ओरडणारी. सहाशे वेढे. माझ्या पिन नको, गम नको खोक्यावर. मी स्वतः त्यातले शे-सव्वाशे मारले असतील.

टेंपो साडेनऊला सुटला. दुसऱ्या दिवशी वाशीहून तक्रार आली नाही. तारीफही आली नाही. नवी लॉट प्लांटने बरोबर दिशेने काढून दिली, खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. खरं तर सगळा माझाच होता. सुपरवायझरने त्याच्या मालकाला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. बाण आता मी लेयरवर ठेवत नाही, ड्रॉइंगच्या मधोमध काढतो, लाल, हाताएवढा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा छापायचा आहे का.

निघताना बागायतदारांनी एक डझन आंबे दिले, नको नको म्हणताना. खोका त्याच फसलेल्या लॉटमधला, घाईत भरलेला, खांब नाही, पट्टी नाही. मागच्या सीटवर ठेवला. फोंडा घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागे पुठ्ठ्याचा हलका कर्र आवाज आला आणि काहीतरी गडगडत गेलं. थांबलो नाही. घरी येऊन मोजले तर अकरा होते. बारावा पाचव्या दिवशी सापडला, ड्रायव्हरच्या सीटखाली, वासावरून.