मंत्रनिर्णयांची वही: मूनबीम मार्गी, सजेशन हाती

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा फाशांवरचा भूमिका-खेळ खेळतो. आमच्या टेबलाच्या, म्हणजे खेळगटाच्या, निर्णयवहीत "क्षेत्रात शिरणं" हा मंत्रांचा गट एकदाचा लावून झाला. पद्धत नेहमीचीच: मंत्र कशामुळे लागू होतो, कोणाच्या टर्नमध्ये (पाळीत), आणि किती वेळा. एवढं लिहून ठेवलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सगळ्यात जास्त वेळ मूनबीमने, म्हणजे चांदण्याचा झोत पाडणाऱ्या मंत्राने, घेतला, आणि तो सार्थकी लागला. डीअँडडी पाचव्या आवृत्तीचा 2014 चा मजकूर सांगतो, की जीव एखाद्या टर्नमध्ये पहिल्यांदा झोतात शिरला किंवा त्याचा टर्न झोतात सुरू झाला, की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर बचावासाठी टाकायचा फासा) आणि 2डी10, म्हणजे दोन दहा-बाजूंच्या फाशांइतकं, डॅमेज. "एखाद्या टर्नमध्ये", फक्त त्याच्याच नव्हे. म्हणजे फायटरने (लढवय्या पात्राने) स्वतःच्या टर्नमध्ये शत्रू असलेल्या ऑर्कला पाच फूट ढकलून झोतात घातलं, की एक सेव्ह. मग ऑर्कचा टर्न तिथेच सुरू झाला, की दुसरा. पण मूनबीम टाकणाऱ्या ड्रुइडने झोतच ऑर्कवर सरकवला तर लगेच काही नाही, कारण हलला झोत, ऑर्क जागचा हललेला नाही. बऱ्याच जणांना हे खटकतं. मला ते पूर्ण पटतं, नाहीतर एका ॲक्शनमध्ये झोत अख्ख्या टोळीवरून फिरवता आला असता.

2024 च्या मजकुराने नेमकी तीच वाट उघडली. आता झोत अंगावर आला तरी सेव्ह, शिवाय टर्नच्या सुरुवातीऐवजी शेवटी. मात्र एका जीवाला एका टर्नमध्ये एकदाच. नवा मजकूर स्पष्ट आहे, यात वादच नाही, पण तोल जुन्यात जास्त आहे. आमची मोहीम जुन्यावर सुरू झाली, ती त्यावरच पुरी करू. स्पिरिट गार्डियन्स या मंत्रालाही तोच निर्णय.

मॅजिक मिसाइल हा जादूच्या बाणांचा मंत्र झटपट आटोपला: तिन्ही बाण एकाच वेळी लागतात, म्हणून 1डी4+1 (एक चार-बाजूंचा फासा अधिक एक) एकदाच टाकायचा आणि तोच आकडा प्रत्येक बाणाला.

आता सजेशन, म्हणजे समोरच्याला सुचवलेली गोष्ट करायला लावणारा मंत्र. जुन्या मजकुरात सूचना "वाजवी वाटेल" अशी हवी, आणि तिथलंच उदाहरण आहे सरदारणीने आपला युद्धाचा घोडा भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला देऊन टाकायचं! उदाहरण इतकं सैल असेल, तर पहारेकऱ्याला "किल्ल्या ठेव आणि घरी जा" म्हणणं मी मान्यच करणार. "राजाला पकडून आण" मात्र नाही. या दोन्हींच्या मधली रेघ कुठे ओढायची, ते पुढच्या सत्रात खेळाडूंसोबत बसून ठरवतोय. तुमच्या टेबलावर ती कुठे आहे, जरूर सांगा.