पॅटन, बी. बी. की किंगफिश? मिसिसिपीतलं एक भांडण

"मामा, एवढा विमानखर्च करून तू नांगरलेलं शेत बघायला आलास?"

भाचा मेम्फिसला नोकरी करतो. शनिवार-रविवारची सुट्टी आणि स्वतःची गाडी त्याने माझ्या ब्लूजच्या, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या गिटारवरच्या गाण्याच्या, नादापायी खर्ची घातली होती, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क त्याला होताच. हायवे ६१ धरून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात चढ-उतार संपतात. मग दोन्हीकडे जमीन, जमीन आणि जमीन. एप्रिल महिना, कापूस अजून पेरलेला नव्हता. माझं आजोळ यवतमाळकडचं, कापसाचं रान मला परकं नाही, पण इतकी सपाटी मी पाहिली नव्हती. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली आणि इथला कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हे मी भाच्याला सांगितलं. त्याने एसी वाढवला.

मेम्फिसपासून सव्वाशे किलोमीटरवर क्लार्क्सडेल. निम्मी दुकानं बंद, भिंतींचे रंग उडालेले, रस्त्यावर एखाद-दुसरं माणूस. पण जगभरातले ब्लूजवेडे इथे वारीला येतात. ६१ आणि ४९ हे हायवे मिळतात त्या चौकात खांबावर निळ्या गिटारी लावल्या आहेत. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने चौकात मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार वाजवायची विद्या घेतली, अशी आख्यायिका. तो चौक हाच, असा गावाचा दावा. खरं तर सैतानाची ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची, आडनाव एक म्हणून याला चिकटली. रॉबर्टची दुसरी हकीकत मला जास्त पटते: हा पोरगा आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे शिकला, आणि दोघं रात्री कबरस्तानात बसून रियाज करायचे. तिथले शेजारी तक्रार करत नाहीत ना!

ब्लूजमध्ये सर्वांत थोर कोण, या भांडणाची ठिणगी पडली ती डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये. जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत हे संग्रहालय आहे, आणि आत मडी वॉटर्स या गायक-गिटारवादकाचं लाकडी घर, म्हणजे त्यातलं जे काही उरलं ते, उचलून आणून उभं केलंय. १९४१ साली लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन स्टोव्हल मळ्यावर आले, तेव्हा मडी तिथे ट्रॅक्टर चालवायचा. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला आणि दोन वर्षांत गडी शिकागोला गेला. त्या घराच्या एका तुळईतून पुढे झेडझेड टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्सने गिटार बनवून घेतली, तीही तिथेच आहे. मी ती निरखत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "तुळई होती तेव्हा जास्त सुरात होती."

बोलणारे गृहस्थ ऐंशीच्या आसपासचे. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट. जन्म इथला, पाच वर्षांचे असताना आईवडील शिकागोला गेले. आता दर वसंतात महिनाभर गावी येतात. मडीला समोर बसून ऐकलेला माणूस! त्यांचं मत पक्कं होतं: चार्ली पॅटन, सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन, मग मडी. "त्यानंतर सगळ्या झेरॉक्स, पोरा." पन्नाशी उलटल्यावर कोणी पोरा म्हटलं की बरं वाटतं, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. शिवाय हा सूर मला ओळखीचा होता. सवाईच्या मंडपाबाहेर चहा पिताना तो दर डिसेंबरात कानावर पडतो, फक्त नावं वेगळी.

संध्याकाळी ते रेड्समध्ये पुन्हा भेटले. सनफ्लॉवर नदीच्या काठचा हा ज्यूक जॉइंट. गुत्त्यात कोणी वाद्यं नेऊन ठेवली तर जे होईल ते डोळ्यासमोर आणा: बुटकं छत, लाल दिवे, मंच नाहीच, वादकाच्या बुटापासून तुमची खुर्ची हातभर. त्याआधी आम्ही टमाले खाऊन घेतले होते, मक्याच्या पातीत गुंडाळलेलं मक्याचं पीठ आणि आत मांसाचं सारण. पातोळ्यांचा हा दूरचा, तिखट स्वभावाचा भाऊ.

वाजवणारे यायला वेळ होता. आमच्या टेबलावर आजोबा, नॉर्वेच्या नॉटोडेनहून आलेलं जोडपं (ते क्लार्क्सडेलचं भगिनी-शहर आहे आणि तिथेही मोठा ब्लूज महोत्सव भरतो), डॅलसचा एक टक्कल पडलेला गृहस्थ, आणि किंगफिश या इथल्याच तरुण गिटारवादकाचा टी-शर्ट घातलेला विशी-बाविशीतला स्थानिक मुलगा. कोणाला काय वाटतं हे विचारावं लागलंच नाही. डॅलसवाल्याने गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं नाव घेतलं आणि टेबल तापलं.

"स्टीव्हीचा निम्मा माल अल्बर्ट किंगचा," नॉर्वेची बाई म्हणाली. यात तथ्य आहे. अल्बर्ट डावखुरा. उजव्यांची गिटार तो तारा न बदलता तशीच उलटी धरायचा, त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला. आपण तार वर ढकलतो, तो खाली ओढायचा. सगळ्या हाताचं वजन त्या ओढीत येई आणि मींड अशी निघे की गळ्यातून हुंदका यावा. स्टीव्हीने तोच हुंदका सरळ गिटारीवर काढायचा ठरवला. त्यासाठी जाडजूड तारा चढवल्या आणि गिटार अर्ध्या स्वराने उतरवली. "माल अल्बर्टचा असेल, पण १९८३ साली कॅनडात टीव्हीच्या कार्यक्रमात अल्बर्ट स्वतः त्याच्या शेजारी बसून वाजवतोय," डॅलसवाला म्हणाला. "चोराशेजारी कोणी असं हसत बसतं का?" मग एकदम गप्प झाला. २७ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमधला कार्यक्रम संपवून निघालेलं स्टीव्हीचं हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. जे म्हातारे झाले त्यांच्याशी त्याची तुलना कशी करायची, यावर टेबलापाशी उत्तर नव्हतं.

आजोबांनी मोर्चा टी-शर्टकडे वळवला. आजकालची पोरं सूर कमी आणि नाटकं जास्त करतात. एका श्वासात चाळीस स्वर, आणि गिटार घेऊन लोकांत हिंडणं. आमच्याकडे याला तानबाजी म्हणतात, असं मी सांगितल्यावर त्यांना तो शब्द फार आवडला. दोनदा म्हणून पाहिला.

मुलगा शांत होता. "पॅटन गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा, आणि मांड्यांत धरूनही," तो म्हणाला. "तुमचा पॅटन. १९३४ साली वारलेला."

आजोबा हसले, पण उत्तर नव्हतं. आणि पॅटनची गंमत हीच आहे. आपण त्याला ऐकतो ते पॅरामाउंट कंपनीच्या तबकड्यांवर. ही मूळची विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. तबकड्यांचा माल हलका, त्यामुळे त्याचं गाणं चकलीच्या तेलामागून आल्यासारखं ऐकू येतं. ते ऐकून आपल्याला तो कोणी एकांतातला योगी वाटतो. प्रत्यक्षात तो शनिवारी रात्री नाचणाऱ्या गर्दीपुढे माइकशिवाय वाजवत होता. ओरडणार नाही, लाकडावर थापा मारणार नाही तर काय करेल? मडी शिकागोत गेला आणि गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकूच जाईना, म्हणून विजेवरची आली. खोली बदलली की बाज बदलतो.

माझी पाळी आली. मी बी. बी. किंगचा माणूस. आजोबा म्हणाले, "तो तर फार गोड." असेल. पण बी. बी.ची गोष्ट मला कायम हलवते. आईचा चुलतभाऊ बुका व्हाइट बोटात नळी अडकवून तारेवर सरकवायचा, आणि बी. बी.ला ते काही केल्या जमेना. मग त्याने नळीचा तो थरकाप नुसत्या बोटाने काढायचा प्रयत्न केला. ज्या कंपनाने तो जगभर ओळखला गेला ते असं न जमण्यातून निघालं. तो गाताना वाजवत नसे, वाजवताना गात नसे. आणि त्याचा गंधार! ना धड कोमल, ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी लोंबकळत ठेवलेला. पेटीवर तो सापडायचा नाही. चाळीस स्वरांच्या जागी हा एक मला पुरतो, असं मी जरा आवेशात सांगितलं.

"बडी गायला प्रत्यक्ष ऐकलंयस?" मुलाने विचारलं.

इथे माझी दांडी उडाली. २०११ साली मुंबईत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत शिकागोचा हा गिटारवादक बडी गाय आला, आणि मी पुण्यात होतो. तिकीट महाग वाटलं. पुढच्या वेळी जाऊ म्हटलं. हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं आणि सगळ्या टेबलाने मान हलवली. त्या क्षणी पिढ्यांचे मतभेद मिटले होते.

मग मुलगाच बोलत राहिला. लुइझियानात तरुणपणी बडीने गिटार स्लिम नावाच्या वादकाला पाहिलं होतं. स्लिमची वायर इतकी लांब की तो मंच सोडून गर्दीत, दाराबाहेर जायचा. बडीने १९५७ साली शिकागो गाठल्यावर तेच केलं, आयुष्यभर केलं. आणि आता क्रिस्टोन इन्ग्रॅम, ज्याला गाव किंगफिश म्हणतं, १९९९ चा जन्म, याच म्युझियमच्या वर्गात शिकलेला. तो बिनवायरीचा लोकांत शिरतो. इथल्या फोनचा एरिया कोड ६६२. तेच नाव दिलेल्या अल्बमला त्याला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. "आणि २०१९ च्या पहिल्या अल्बमवर त्याच्याबरोबर कोण आहे? बडी." आजोबांकडे बघून तो म्हणाला, "बडीला चालतं, तुम्हाला नाही?"

"बडीही तानबाजीच करतो," आजोबा म्हणाले. शब्दाचा पहिला वापर.

तेवढ्यात वाजवणारा आला. सत्तरीतला माणूस, जोडीला एक ढोलवाला. पहिलं आवर्तन संपेपर्यंत टेबलावर कोणी बोललं नाही. त्याची वरची तार किंचित उतरलेली होती आणि त्याने ती शेवटपर्यंत लावली नाही. भाच्याने मोबाइल उलटा ठेवला, ही माझ्या दृष्टीने रात्रीतली सर्वांत मोठी घटना.

दुसऱ्या दिवशी इंडियनोला. जिथे बी. बी.ने तरुणपणी काम केलं त्या कापसाच्या जिनिंगच्या विटांच्या इमारतीला जोडून त्याचं संग्रहालय उभं आहे, आणि २०१५ साली त्याला आवारातच पुरलंय. मी तिथे बराच वेळ बसलो. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

परतताना ग्रीनवुडजवळ रॉबर्ट जॉन्सनची कबर. कबर म्हणजे कबरी: तीन वेगवेगळ्या चर्चच्या आवारात तीन दगड आहेत. १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या, सगळी मिळून २९ गाणी मागे ठेवलेल्या माणसाला नेमकं कुठे पुरलं यावरही भांडण. आम्ही मनी रोडवरच्या लिटल झायनला गेलो. दगडावर नाणी, गिटारची नखं, एक अर्धी बाटली.

"मग खरी कुठली?" भाच्याने विचारलं. ब्लूजबद्दल त्याने आपण होऊन विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

उत्तर द्यायच्या आत समोरून धूळ उडवत भाड्याची गाडी आली. काच खाली करून नॉर्वेच्या बाईने हात हलवला आणि ओरडली, "अल्बर्ट!"

"बी. बी.!" मी ओरडलो.

भाचा गाडीत जाऊन बसला होता. दार लावता लावता म्हणाला, "मामा, त्या उलट्या गिटारवाल्याचं काहीतरी लाव."