आमची वाटचाल : बांधावरचा धंदा

आमच्यासारख्या खासगी सर्व्हेअरने काढलेल्या हद्दीच्या नकाशाला सरकारदरबारी किंमत नाही. हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगतो, फी सांगायच्या आधी. हद्द कायम करायचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा. तहसीलमध्ये आणि कोर्टात चालते ती त्या खात्याने दिलेली ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. तरीही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव इथली माणसं आमच्या विट्यातल्या ऑफिसचा जिना चढतात. ती का येतात, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

वडील भूमी अभिलेख खात्यात साखळी ओढायचे. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार साहेब झाडाच्या सावलीला प्लेन टेबल, म्हणजे नकाशा काढायचा फळा मांडून बसायचे आणि वडील साखळीचं टोक धरून उन्हात पुढं. शाळा सातवीपर्यंत, हुद्दा शिपायाच्या बरोबरीचा. पण तालुक्यातल्या कुठल्या गावाच्या शिवेवर कुठला दगड शाबूत आहे हे साहेब बदलून गेले तरी वडिलांना माहीत असायचं. नवीन आलेला साहेब पहिल्या आठवड्यात त्यांना गाडीवर मागं बसवून शिवार बघून यायचा.

मोजणीची भाषा मी शाळेत शिकलो नाही, जेवताना ऐकली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे, आमचं यंत्र मीटरमध्ये बोलतं आणि गिऱ्हाईक गुंठ्यात. एक आर म्हणजे एक गुंठा असं सगळे धरून चालतात. घराच्या जागेला ते खपून जातं. पण आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, त्यामुळे चार हेक्टरच्या गटात साडेचार गुंठ्यांचा फरक पडतो. कऱ्हाड-विटा रस्त्याला लागून साडेचार गुंठे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. अशी कितीतरी भांडणं आम्ही कॅल्क्युलेटरवर मिटवली आहेत, यंत्र गाडीतून न काढता.

आमच्या धंद्याचा जीव मात्र टिपणात आहे. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी शेतातच उभं राहून केलेली नोंद. पिवळा पडलेला कागद, मधोमध एक ओळ, तिच्यावर चढत गेलेले आकडे, दोन्ही अंगांना काटकोनात निघालेले फाटे आणि फाट्यांच्या टोकाला पुन्हा आकडे. ‘६-४’ लिहिलं असेल तर सहा साखळ्या चार आणे, म्हणजे २०६ फूट ३ इंच. आकृती प्रमाणात नसते. कागदावर लांब दिसणारी बाजू जमिनीवर आखूड निघते, आणि आकृतीकडे बघून भांडायला आलेला माणूस इथंच फसतो. वडील आकृतीवर हात ठेवायचे आणि आकडे वाचून दाखवायला सांगायचे. आजही आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, नंतर; टिपण आधी.

ही पद्धत आपल्या भागात आली त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी पाच हात पाच मुठींच्या काठीने जमीन मोजवली. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. इंग्रजांनी आधी प्रिंगल या आपल्या अधिकाऱ्याकडून मोजणी आणि आकारणी करून घेतली, ती फसली. हाताखालच्या लोकांनी नोंदी बिघडवल्या आणि सारा इतका चढा बसला की रयत जमिनी टाकून गेली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापूरपासून नव्यानं सुरुवात केली. एका बैलजोडीला कसता येईल एवढं शेत हा मोजणीचा नंबर धरायचा, जमिनीची प्रतबंदी, म्हणजे कसानुसार प्रत ठरवायची, साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी कायम ठेवायचा. हा हिशेब बसला आणि दख्खनभर पसरला. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘आकार’, म्हणजे शेतसारा, त्याच वंशातला. मला या साहेबांचं फार कौतुक आहे अशातला भाग नाही, सारा गोळा करायलाच ते आले होते. पण ज्या माणसाने बैलजोडी बघून नंबर पाडला, त्याला शेत कळत होतं एवढं मी म्हणेन.

आमच्या जिल्ह्याचं आणखी एक त्रांगडं आहे. सांगली जिल्हा झाला १९४९ मध्ये, तेव्हा नाव दक्षिण सातारा. ‘सांगली’ हे नाव मिळालं १९६० मध्ये. त्याआधी खानापूर तालुका इंग्रजी मुलखात, शेजारची आटपाडी औंध संस्थानात, खाली जत, सांगली, मिरज अशी वेगवेगळी संस्थानं. त्यामुळे लागून असलेल्या दोन गावांचे जुने कागद दोन वेगळ्या राज्यांतले निघतात, आणि त्यांतले बरेच मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा येतात. चहा बिनसाखरेचा, मानधन ते सांगतील तेवढं.

मी आयटीआयला सर्व्हेअरचा ट्रेड केला आणि ठेकेदारांकडे लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र धरायला लागलो. कालवे, पाइपलाइन, रस्ते. स्टाफवरचं, म्हणजे उभ्या मोजपट्टीवरचं रीडिंग घ्यायचं, वहीत मांडायचं, संध्याकाळी हिशेब जुळवायचा. एका ठेकेदाराकडे बिल बुडालं तेव्हा घरात विचार केला की दुसऱ्याची लेव्हल धरण्यापेक्षा आपलीच घ्यावी. २००८ मध्ये सेकंडहँड ऑटो लेव्हल घेतली, बाजारपेठेच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. पहिली दोन-तीन वर्षं शेततळी, विहिरीवरून रानात जाणारी पाइपलाइन आणि बिगरशेती प्लॉटचे लेआउट यांवर निघाली. हद्दीचं काम जवळपास नव्हतंच.

ते पाण्यानं आणलं. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी कऱ्हाडाजवळ उचलून टप्प्याटप्प्यानं या माळावर चढवलं. ज्या रानात बाजरी आणि हुलगा निघायचा तिथं ऊस आणि द्राक्षबाग उभी राहिली. माळ होता तोवर बांध चार फूट इकडं का तिकडं, कुणी बघत नव्हतं. उलट बांधावर कडबा रचायला जागा पाहिजे म्हणून तो रुंद ठेवायचे. पाणी आल्यावर दर नांगरटीला ट्रॅक्टरचा फाळ बांध कोरायला लागला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याचा फाळ जरा जास्तच. दहा वर्षांत बैलगाडी जाईल एवढा बांध पाऊलवाटेएवढा झाला आणि माणसं आमचा जिना चढायला लागली.

त्यात दुसरी गाठ आधीपासूनच बसलेली होती. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली पुढं गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट आले. कागदावर तुकडे एकत्र झाले, पण पुष्कळ ठिकाणी माणूस बापाच्या जुन्याच बांधावर कसत राहिला. म्हणजे टिपण एक सांगतं, गट नकाशा दुसरं, आणि वहिवाट तिसरंच. अशा शेतात कितीही महागडं यंत्र नेलं तरी ते फक्त तीन वेगळ्या रेषा सेंटिमीटरच्या अचूकतेनं दाखवतं. कुठली धरायची हे ते सांगत नाही. सरकारी मोजणीला पैसे भरून, लवकर व्हावी म्हणून जादा दर लावून माणूस ‘क’ प्रत आणतो, शेजारी ती मानत नाही, अपील होतं. आमच्याकडे येतो तो माणूस बहुतेक वेळा या फेऱ्यात पडायच्या आधी आपलं घोडं नेमकं कुठं अडलंय ते बघायला येतो.

म्हणून आमचा एक नियम आहे, आणि त्यापायी कामं गेलेली आहेत. हद्दीचं काम असेल तर दोन्ही बाजू बांधावर हजर पाहिजेत. एकट्याच्या सांगण्यावरून आम्ही खुंटी ठोकत नाही.

हा नियम विट्यात पाळणं अवघड, कारण इथलं निम्मं शिवार परगावी असतं. खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कोइमतूर म्हणू नका, कोलकाता म्हणू नका. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला येतात तेवढ्यात त्यांना घर बांधायचं असतं, सोयरीक जमवायची असते आणि मोजणीही उरकायची असते. एकदा दोघा भावांचं काम आलं. थोरला गलाईवर, धाकटा रानात. मधल्या बांधावर धाकट्यानं विहीर पाडलेली, नकाशात अर्थातच नाही. थोरल्याचं म्हणणं विहीर माझ्या हिश्शात, धाकट्याचं म्हणणं कर्ज मी फेडलं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दोघांना बांधावर उभं केलं. मोजायला सुरुवात करायची तर सरबांधाचा, म्हणजे सामाईक बांधाचा एक तरी पक्का दगड पाहिजे होता आणि दोन्ही टोकांचे दगड गायब.

वडिलांनी गावातल्या एका जुन्या कोतवालांना बोलावणं धाडलं. वय झालेलं, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. पूर्वी गावच्या शिवेचा तंटा उभा राहिला की वतनदार महाराचा शब्द प्रमाण मानायचे. शिवेवरनं तोच चालायचा, मागून पाटील आणि पंच. या बाबांनी ते आजोबांकडून घेतलेलं. त्यांनी नकाशा बघितलाही नाही. ओढ्याकडं तोंड केलं, काठीनं एक बाभूळ दाखवली आणि म्हणाले, “बुडात बघा, बाभळीनं गिळलाय.” कुदळीनं मुळं मोकळी केली तर खाली घडीव दगड, डोक्यावर खूण कोरलेली. तिथून टिपणाचे आकडे टाकत गेलो तसे पुढचे कोपरे बसत गेले. विहिरीचा बराचसा भाग थोरल्याकडं निघाला.

खरं काम तिथून पुढं. दगड सापडला म्हणून धाकट्याचं कर्ज कुठं जात नाही. उन्हं कलेपर्यंत दोघं, त्यांची चुलती आणि गावचे दोन जाणते आंब्याखाली बसले होते. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, विहिरीचा खर्च निम्मा वाटून घेतला, मगच आम्ही खुंट्या ठोकल्या. त्यानंतर त्यांनी सरकारी मोजणी मागवली. हरकत घ्यायला कुणी राहिलंच नव्हतं.

असं झाडाखाली बसून मिटवायची सवय या भागाला जुनी आहे. क्रांतिसिंह नाना पाटील स्वतः आधी तलाठी होते. दप्तर सोडून ते चळवळीत उतरले. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली धरून, प्रतिसरकार चाललं तेव्हा त्याची न्यायदान मंडळं गावातच बसून तंटे तोडायची. ज्या माणसानं सातबाऱ्याचे कागद हाताळलेत त्याला गावातलं भांडण कुठून निघतं हे बरोबर ठाऊक असणार, असं मला आपलं वाटतं.

मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन एकदम मोजणारं यंत्र आलं, कॉम्प्युटरवर कॅडमध्ये ड्रॉइंग आलं, खोलीची दोन खोल्यांची जागा झाली. महापुरानंतर, २०१९ आणि पुन्हा २०२१ मध्ये, कृष्णाकाठची कामं आली. तिकडं सातबाऱ्यावर जमीन शाबूत आणि बांध नदीच्या पात्रात, असे शेतकरी भेटले. नदीनं काठ तोडला तर आम्ही फक्त किती गेलं ते मोजून देऊ शकतो. २०२१ मध्ये केंद्रानं नकाशा आणि मोजणीच्या माहितीवरचे निर्बंध सैल केले, त्यानंतर बँकेचं कर्ज काढून रोव्हर घेतला. काम झपाट्यानं होतं यात वाद नाही. पण जुन्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. रोव्हरची रेषा शेवटी जमिनीवरच्या दगडालाच बांधून घ्यावी लागते, आणि दगड बाभळीच्या बुडात असतो.

ड्रॉइंगला बसणारी आमची मुलगी आता रोव्हर घेऊन शिवारात जाते. तिच्यासमोर बांधावरच्या शिव्या कमी होतात, हा फायदा कर्ज काढताना धरला नव्हता.

ऑफिसात टेबलामागं दोन फोटो आहेत. एक राधानाथ सिकदार, इंग्रजांच्या मोजणी खात्यातले गणिती, ज्यांनी १८५२ मध्ये आकडेमोड करून जगातलं सगळ्यात उंच शिखर कुठलं ते सांगितलं. शिखराला नाव मात्र साहेबाचं लागलं. दुसरे नैनसिंह रावत. त्याच खात्यासाठी यात्रेकरूच्या वेशात पावलं मोजत तिबेटात ल्हासापर्यंत गेले, १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ हातात, दर शंभर पावलांना एक मणी. लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तो गेला आपल्या हिंगणघाटला, कबरही तिथंच. त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर कुणी चढवलं, त्यांची नावं मला अजून कुठं वाचायला मिळाली नाहीत. वडिलांचा फोटो तिसरा लावायचाय. ते म्हणतात जिवंत माणसाचा लावत नाहीत.

आता थोडं कामाचं. येताना सातबारा, आठ अ, फेरफार आणि गट नकाशाची नक्कल आणा. टिपण आणि फाळणीची, म्हणजे पोटहिश्शांच्या मोजणीची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. जमत नसेल तर अर्ज आम्ही लिहून देऊ. शेजाऱ्याला तुमच्या तोंडूनच निरोप द्या, आमच्याकडून फोन गेला की तो आधी वकिलाला विचारतो. तारीख शक्यतो रानं मोकळी असताना, फाल्गुन-चैत्रात घ्या. ऊस उभा असेल तर आधी फोन करा.