काश्मिरी रोवन, नोंद सातवी: मोड आले, पण फ्रिजमध्ये

मागील नोंदीत मी बियांचा नाद सोडून तयार रोप विकत घेणार असल्याचे जाहीर केले होते. तो निर्णय मागे घेत आहे. ७ मार्चच्या सकाळी स्वीडनमधील उप्सालात बाहेर उणे ६ अंश तापमान असताना भाजीच्या कप्प्यातील पिशवी नेहमीप्रमाणे उजेडासमोर धरली, तेव्हा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) चार पांढरे मोड दिसले, आणि आज, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ५३ बियांपैकी ३१ रुजलेल्या आहेत.

नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगते की हे झाड म्हणजे येथील रानोमाळ वाढणारा तांबड्या फळांचा रोवन नव्हे. त्या फळांना स्वीडिश कोल्हा आंबट म्हणतो, आपला कोल्हा द्राक्षांना म्हणतो तसा. माझे झाड पश्चिम हिमालयातील, बुटके, फिकट गुलाबी फुलांचे, आणि पाने गळून गेल्यावरही फांद्यांवर मोत्यांसारखी लोंबणारी पांढरी फळे देणारे. त्याचे बी बहुतांशी फलनाशिवाय तयार होत असल्यामुळे रोपे मातृवृक्षासारखीच निघतात, म्हणून तर हा खटाटोप बियांपासून करण्यात अर्थ आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळते. पहिल्या वर्षी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सुकवलेले बी मागवले आणि शून्य रोपे मिळाली. ते बी किती वर्षांचे होते हे पाकिटावर लिहिलेले नव्हते, आणि अशा पाकिटांवर मी पुन्हा एक क्रोनाही खर्च करणार नाही. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या एका निवृत्त माळीणबाईंच्या बागेतून ताजी फळे आणली, गर धुऊन काढला (गरात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, त्यामुळे येथे आळस चालत नाही), सोळा आठवडे ३ अंशांवर शीतोपचार (रुजण्याआधी बियांना लागणारी हिवाळ्यासारखी ओलसर थंडी) दिला आणि मोठ्या विश्वासाने पिशवी बाहेर काढून २२ अंशांच्या हीट मॅटवर (खालून ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर) ठेवली. दोन महिने काहीही घडले नाही. चिपळूणला आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, मटकीसारखं ओल्या फडक्यात बांधून आणखी उबेला ठेव की!” मी तेही केले.

चूक नेमकी तेथेच होती. मोड आणायचे म्हणजे ऊब द्यायची, हे आपल्या हातांत इतके मुरलेले आहे की रोवनचे बी ऊब लागताच पुन्हा झोपी जाते, ही गोष्ट वाचूनही मला पटली नव्हती. शीतोपचार पूर्ण झालेले बी थंडीतच, गोठणबिंदूच्या थोडे वर, रुजू लागते. साधारण २० अंशांच्या वर नेले की त्याला दुय्यम सुप्तावस्था येते आणि थंडीचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. त्या बिया मी फेकून देणारच होते, पण आधी त्यांपैकी चार ब्लेडने कापून पाहिल्या, तर आतला गर पांढरा आणि टणक होता. म्हणजे बी मेलेले नव्हते. मीच त्याला ऊब देऊन नव्याने निजवले होते.

त्यामुळे गेल्या ऑक्टोबरमध्ये ताज्या ६४ बियांतून पाण्यावर तरंगणाऱ्या ११ पोचट बिया काढल्या, उरलेल्या दोन आठवडे खोलीत ओलसर ठेवल्या आणि १ नोव्हेंबरला फ्रिजमध्ये टाकल्या, त्या मोड येईपर्यंत बाहेर काढल्याच नाहीत. शेजारी दुसऱ्या वर्षीच्या निजलेल्या २२ बियाही ठेवल्या, आणि त्यांतील सात रुजल्या, हा आनंद मला ३१ च्या आकड्याहून मोठा वाटतो.

साधनांबद्दल थोडे. फ्रिजच्या काट्यावर विसंबू नका. मी घेतलेल्या स्वस्त थर्मामीटरने मागच्या भिंतीजवळ उणे १ आणि दाराजवळ ७ अंश दाखवले. नारळाच्या भुश्यात दोनदा बुरशी आली, तेव्हा कोकणात वाढलेल्या मला जरा वाईटच वाटले. व्हर्मिक्युलाइट नुसते ओलसर ठेवले, पिळल्यावर पाणी गळू दिले नाही, तर तक्रार नाही. हीट मॅट मिरच्यांच्या रोपांसाठी उत्तम आहे, तेथेच राहू द्या.

रुजलेले बी मी चिमट्याने उचलून, मोड खाली करून खोल कुंड्यांत लावते आणि काचबंद बाल्कनीत ६ ते १० अंशांत ठेवते. पहिल्या दहा रोपांना दातेरी कडांचे पहिले पान आले आहे. जूनमध्ये ती बाहेर जातील आणि पहिला हिवाळा जमिनीत पुरलेल्या कुंड्यांत, उंदरांपासून जाळीने झाकून काढतील, असा बेत होता. मात्र हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचली. कुंपणात पक्ष्यांनी पेरलेला रानटी रोवन बोटाएवढा जाड झाला आहे, आणि काश्मिरी रोवनचे कलम त्यावर जमते. माळीणबाईंकडून ऑगस्टमध्ये एक काडी मागून तिचे डोळे (कोंब फुटणाऱ्या कळ्या) त्या रानटी रोवनच्या खुंटावर बसवले, तर फळे कित्येक वर्षे आधी दिसतील. खुंटाचे फुटवे आयुष्यभर छाटत बसावे लागते म्हणून कलमी झाडे मला आवडत नाहीत, हे मी चौथ्या नोंदीत ठासून लिहिले होते. तरीही एक झाड कलमी करीन. बांधण्यासाठी रुंद रबरी पट्टी बरी की कलमाची साधी प्लॅस्टिक पट्टी, याचा येथील थंडीतला अनुभव कोणाला असल्यास जुलैपूर्वी कळवावा. फ्रिजमधील उरलेल्या २२ ताज्या बिया मी मेअखेरपर्यंत हलवणार नाही.