पद्मिनीच्या पोटातली मळी

आबांची प्रीमियर पद्मिनी १९९१ ची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ती गावभागातल्या आमच्या दारातच उभी होती. पाणी सीटपर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर गाडी धुतली, सीटा उन्हात टाकल्या, इंजिन खोलून घेतलं आणि एका गॅरेजातून बाहेरून रंग मारून आणला. गाडी चकाचक झाली, मीही खूश.

गेल्या उन्हाळ्यात डाव्या दाराखाली रंगाला दोन फोड आले, जुन्या चार आण्याएवढे. नखाने टोकरलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, आणि आत पत्र्याऐवजी नुसती लांबी, म्हणजे रंगाआधी खड्डे भरायची पुट्टी.

शंभर फुटी रोडवरच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालून फिरवलं. पत्रा असेल तिथे ते चिकटायचं, लांबी असेल तिथे घसरायचं. दोन फुटांत तीनदा चिकटलं.

"मालक, गाडी पत्र्याची हाय का लांबीची?"

मी म्हटलं, वरून एक तुकडा मारून द्या की. त्यांनी मान हलवली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची ती पोकळ पेटी म्हणजे घराची तुळईच. गंजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, भोकं मोठी होत जातात. चांगला पत्रा लागेपर्यंत कापतच जायचं.

पेटी कापली त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो होतो. ग्राइंडरने खालची कड उघडली आणि भदाभदा माती पडली. करडी, मऊ, बोटांत पिठासारखी लागणारी. कृष्णेची मळी! इतकी वर्षं आत बसून होती. दर पावसाळ्यात ओल धरायची आणि पत्रा आतून खायची. हिच्यावरच कृष्णाकाठची वांगी पोसतात, तिला नावं तरी किती ठेवणार? पाणी निथळायला पेटीच्या तळाला जी भोकं असतात, तीही आधीच्या रंगाऱ्याने लांबीने बुजवली होती. अर्थात त्या वेळी मीही वाकून बघितलं नव्हतंच.

कापण्याआधी मिस्त्रींनी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे टाचून घेतले होते. तसं न करता पेटी काढली तर गाडी मधोमध बसते आणि दार पुन्हा म्हणून लागत नाही. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी तर पहिल्याच दिवशी उतरवली. मग जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर माप काढून २० गेज जाडीचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा कापला. सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, आणि मधे थांबायचं. सलग ओढलं तर पत्रा तापून त्याला लाटा येतात. ओलं फडकं धरायचं काम माझ्याकडे होतं.

वायर ब्रशने गंज खरवडण्याचं कामही मी हौसेने मागून घेतलं. एका संध्याकाळी पुढचा भाग लखलखीत करून तसाच उघडा टाकला आणि घरी गेलो. जूनची रात्र. सकाळी पाहतो तर सगळ्यावर केशरी बुरशी आल्यासारखा नवा गंज. पुन्हा घासला, फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं औषध लावलं, उरलेला गंज काळा पडला. तो पुसून, वाळवून त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर मारून घेतला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त चहाचे पैसे मला द्यायला लावले.

लांबी शेवटी लागलीच, पण कागदाएवढी. रंगाचं काय सांगायचं, जुन्या क्रीमला नवा क्रीम जुळला नाही. उन्हात फरक दिसतो, सावलीत नाही. पेटीच्या आत पातळ मेण फवारलं. खालची भोकं मी आता महिन्यातून एकदा तारेने टोचतो.

तीन आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. गाडी घेऊन निघताना मिस्त्रींनी तेच लोहचुंबक उजव्या दाराखाली धरलं. ते खाली पडलं. उजवी बाजू दिवाळीनंतर.