दहावा दिवा आणि अकरावा

मालवणात आमचं दुकान सुरू झालं ते टेपरेकॉर्डर आणि मिक्सर दुरुस्तीचं. बोटींचं काम पावसाळ्याने आणलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि वर्षभर न आठवलेलं वायरिंग तांडेलांना नेमकं तेव्हा आठवतं. बॅटरीचे सुईवाले मीटर खाऱ्या हवेने अडकलेले असायचे. म्हटलं, सुईच नको. वीस एलईडींची पट्टी करू: खाली लाल, मध्ये पिवळे, वर हिरवे. जाळं ओढताना एका नजरेत कळावं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एलएम३९१४ आणले, एलईडींची पट्टी चालवणारे आयसी. एका आयसीत दहा कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेज ताडून दिवा लावणारे भाग, म्हणून वीस दिव्यांना दोन. १० ते १५ व्होल्ट दाखवायचे, म्हणजे पाव व्होल्टाला एक दिवा. बॅटरीचा व्होल्टेज चाराने भागून आत घेतला: २.५ ते ३.७५. खालच्या आयसीला २.५ ते ३.१२५, वरच्याला तिथून पुढे. प्रत्येकाला त्याचाच रेफरन्स (ताडून बघायचा पक्का व्होल्टेज) दिला, प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) फिरवून मल्टिमीटरवर आकडे जुळवले आणि पहिली खेप सर्जेकोटला दिली.

पंधरवड्यात एक तांडेल दुकानात. "तुमचो मीटर मधीच अडकता. बॅटरी अडकता की मीटर?"

मीटरच अडकत होता. दोन स्वतंत्र रेफरन्स उन्हात सारखे सरकत नाहीत, आणि मिठाच्या दमट हवेत प्रीसेटचाही भरवसा नाही. दोन आयसींच्या सांध्यावर ५० मिलिव्होल्टांचा फरक पडला की बॅटरीच्या बाजूला तो ०.२ व्होल्ट होतो, जवळजवळ एक दिवा. कुठे दहाव्यानंतर अकरावा येईचना, कुठे दोघे एकदम पेटायचे. आणि हा सांधा होता साडेबारा व्होल्टांवर! भरलेली बॅटरी स्वस्थ असताना तिथेच आसपास असते. म्हणजे माणूस जिथे सर्वांत जास्त बघतो, तिथेच आम्ही खोटं बोलत होतो.

मग रेफरन्स एकच ठेवला. आयसीत पिन ७ आणि ८ मध्ये साधारण १.२५ व्होल्ट मिळतात. दोन रेझिस्टन्स लावून त्याचे तिप्पट, ३.७५, केले. खालच्या आयसीची पिन ६ वरच्याच्या पिन ४ ला जोडली. आता सांधा एकच, फट राहणारच नाही. फट गेली खरी, पण सांधा प्रत्येक मीटरमध्ये वेगळ्याच व्होल्टेजवर. दोन दिवस डोकं खाजवल्यावर डेटाशीट नीट वाचलं (हे आधी करायचं असतं). पिन ४ आणि ६ च्या मधली, आतल्या दहा रेझिस्टन्सची साखळी साधारण १२ किलोओहमची, पण ८ पासून १७ पर्यंत कितीही असू शकते. एका आयसीतले दहा भाग आपापसांत सारखे. दोन आयसींचं मात्र एकमेकांशी काही नातं नाही. एक ८ चा आणि एक १७ चा एकत्र आला की मधला बिंदू मध्यावर कसा राहील?

प्रत्येक साखळीला बाहेरून एक किलोओहमचा, एक टक्कावाला रेझिस्टन्स समांतर लावला. आता वाटणी बाहेरचे करतात, आतल्यांचा हट्ट फारसा चालत नाही. त्या ८ आणि १७ च्या जोडीतही सांधा मध्यापासून दीड टक्काच हलतो. खालच्या टोकाला २.५ व्होल्ट यावेत म्हणून तिथून जमिनीकडे (ग्राउंडला) त्याच्या साधारण चौपट रेझिस्टन्स, थोडा प्रीसेटसह, आणि प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब.

जुळणीचं काम बायको बघते. तिने दुसरीच गोष्ट पकडली: वरचे दहा दिवे खालच्यांपेक्षा झगझगीत. कारण पिन ७ मधून जेवढा करंट ओढाल, त्याच्या दहापट प्रत्येक दिव्याला जातो, आणि आमची सगळी साखळी वरच्याच आयसीच्या पिन ७ वर लटकलेली. तिथे एकूण सव्वा मिलिअँपिअर बेतले, आणि खालच्याचा रेफरन्स मोकळा होता म्हणून त्याच्या पिन ७ वरून एक किलोओहम जमिनीला दिला. तोही सव्वा. दोन्हीकडे साडेबारा मिलिअँपिअर, उजेड सारखा.

उष्णतेचंही एकदा भोगलं. चौदा व्होल्टांवर दहाही दिवे पेटले की एका आयसीत दीड वॉट जळतात, तो सोसतो १.३६५. आता दिव्यांना वेगळे पाच व्होल्ट देतो. २४ व्होल्टांच्या बोटीवरचे दोन मीटर मात्र सरळ गेलेच: चार्जिंगला २८ चढतात, आयसीची मर्यादा २५.

जुने मीटर फुकट बदलून दिले, एक सोडून. तो तांडेल हात लावू देत नाही. "ह्यो रवांदे. मधले दोन दिवे एकदम विझले काय माका कळता, आता इंजिन चालू करूक होया."