नागपूर ते चिखलदरा : जुन्या मोटरहोमचे ब्रेक आणि घाटातला उतार

नागपूर-चिखलदरा रस्ता गाडीच्या ब्रेकची परीक्षा अगदी शेवटी घेतो. वाडी, कोंढाळी, तळेगाव करत अमरावतीपर्यंतचे सुमारे १५५ किलोमीटर आणि तिथून परतवाड्यापर्यंतचे पन्नासएक किलोमीटर बहुतेक सपाटीचे आहेत. खरा घाट परतवाडा सोडल्यावर लागतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर नेऊन पोहोचवतो. पोळा झाल्यावर मी आणि माझा मित्र ज्या गाडीने निघालो, ती १९८० च्या दशकातली डिझेल व्हॅन असून आत पलंग, शेगडी आणि १०० लिटरची पाण्याची टाकी बसवून तिचे मोटरहोम केलेले आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पुढच्या व मागच्या चाकांचे सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचा मार्ग, वेगळे आहे. बराच काळ शेडमध्ये उभी राहिल्यामुळे तिचे पेडल खोल जात होते, म्हणून निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या पंपाचे) किट बदलून घेतले होते. शहरात पेडल उत्तम लागत होते, महामार्गावर ब्रेकची फारशी गरज पडली नाही आणि चढावर तर नाहीच. त्यामुळे जाताना काहीही जाणवले नाही.

भीमकुंड, देवी पॉइंट आणि गाविलगड पाहून परतीला लागलो. दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होतो, तरी काही वळणांनंतर जळक्या लायनरचा (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराचा) वास येऊ लागला आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. सोडून पुन्हा दाबले की थोडे वर येई. मागचे सर्किट शाबूत असल्यामुळे गाडी थांबली. डोंगराच्या बाजूला रुंद जागा पाहून ती उभी केली, हँडब्रेक ओढला आणि चाकांना दगड लावले. हँडब्रेक केबलने चालतो, ब्रेक ऑइल उकळले तरी तो काम करतो, म्हणून घाट उतरण्यापूर्वी तो पकडतो की नाही हे तपासून घ्यावे. बाटलीच्या झाकणातून प्रत्येक ड्रमवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. तीन चाकांवर तो नुसता ओघळला, पुढच्या डाव्या चाकावर मात्र चर्र करून उडून गेला. थेंबापेक्षा जास्त पाणी तापलेल्या ड्रमवर कधीही ओतू नये, कारण ओतीव लोखंडाला तडा जातो.

ड्रम निवल्यावर पेडल आपोआप पूर्ववत झाले, ही सर्वांत महत्त्वाची खूण होती. गळती असती तर पेडल परत आले नसते. तापल्यावर जाणारे आणि निवल्यावर येणारे पेडल म्हणजे ऑइलमध्ये वाफ झाली होती. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गॅरेजमध्ये वरच्या टाकीत नवे ऑइल भरले गेले होते, परंतु चाकांजवळचे जुनेच राहिले होते.

तरीही एकच चाक का तापले, हा प्रश्न उरला होता. जॅक लावून चाक फिरवून पाहिले तर ते घट्ट. पेडलवर कोणाचाही पाय नसताना आधी लोखंडी नळी आणि रबरी होज यांचा जोड किंचित सैल केला. ऑइल ठिबकले, पण चाक घट्टच राहिले. जोड पुन्हा आवळून चाकाचे निपल (ऑइल आणि हवा काढण्याचा छोटा स्क्रू) उघडले, तेव्हा ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. दाब होज आणि चाक यांच्यामध्येच अडकलेला होता. जुन्या होजचे आतले रबर फुगते किंवा सुटते. पायाच्या जोराने ऑइल पलीकडे जाते, पण लायनरच्या स्प्रिंगला ते परत ढकलता येत नाही. पहिल्याच जोडाला चाक मोकळे झाले असते तर संशय मास्टर सिलिंडरवर गेला असता : त्याचे परतीचे बारीक छिद्र बंद होणे किंवा पुशरॉडला (पेडलचा जोर त्याला पोहोचवणाऱ्या दांड्याला) मोकळी चाल न उरणे. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या होजवर माझा तरी आता विश्वास नाही.

निपल बंद करून, पहिल्या गिअरमध्ये आणि वरचेवर थांबत परतवाड्याला उतरलो. तिथे पुढचे दोन्ही होज बदलले. होज घेताना जुना नमुना बरोबर न्यावा आणि आटे हातानेच बसवून पाहावेत, कारण १० मिलिमीटरचे आणि ३/८ इंचाचे आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात आणि पान्याने रेटले की कापले जातात. तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. मग सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून स्वच्छ ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाकाचे जुने ऑइल आणि हवा काढली.

अशीच गाडी घेऊन जाणाऱ्यांनी सुटे भाग बदलण्याआधी पेडल कसे वागते हे नोंदवून ठेवावे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचा आतला कप दाब सोडतो आहे. पेडल लिबलिबीत लागत असेल तर हवा आहे. पहिल्यांदा खोल आणि दुसऱ्यांदा वर व टणक लागत असेल तर आधी लायनरचे अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे लायनर आणि ड्रममधले अंतर, पाहावे. पेडल दगडासारखे घट्ट असेल तर बूस्टरकडे (पायाच्या जोराला व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या भागाकडे) वळावे : इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा मारावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे, ते किंचित खाली गेले पाहिजे. आमच्या गाडीत बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे आहे, म्हणून उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणे म्हणजे ब्रेकची मदतच बंद करणे होय. ऑइल कमी होत असेल आणि गळती दिसत नसेल, तर व्हील सिलिंडरचे (चाकातल्या, लायनर ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबरी टोपण उचलून आत पाहावे आणि ऑइल बूस्टरमध्ये तर ओढले जात नाही ना, हेही तपासावे.

वजनाचाही विचार व्हावा. भरलेली टाकी म्हणजे १०० किलो. ती चिखलदऱ्यातच रिकामी करून उतरावे आणि पाणी परतवाड्यात पुन्हा भरावे. निघण्यापूर्वी वाडीच्या बाजूला ट्रकांच्या धरमकाट्यावर गाडी सामानासह, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा, तोलून घ्यावी.